टेक्ससच्या खेड्यात घर घेतलंय? मग प्रॉपर्टी टॅक्सची ही कामं बिल यायच्या आधी उरका

ऑक्टोबर संपत आला की मला हमखास दोन-तीन फोन येतात. "अरे बिल आलंय, मागच्या वर्षीच्या दीडपट आहे, आता काय करू?" आणि मला दर वेळी तेच सांगावं लागतं की आता फारसं काही नाही, आता भर. बिल जरी ऑक्टोबरात हातात पडलं तरी ते बरंचसं ठरतं जानेवारी ते मे या पाच महिन्यांत, आणि त्या पाच महिन्यांत कोणी तुमच्या दारावर येऊन सांगत नाही की बाबा तुला ही सवलत मिळते, हा फॉर्म भर. मागितलं तर मिळतं, नाही मागितलं तर पूर्ण रेटने भरा. ऑक्टोबरात धावपळ म्हणजे वरातीमागून घोडं.

मी शहरातलं अपार्टमेंट सोडून अकरा एकरवर राहायला आलो तेव्हा मलाही यातलं काही माहीत नव्हतं. गावाकडची घरपट्टी म्हणजे ग्रामपंचायतीचा माणूस पावती घेऊन येतो एवढीच कल्पना. इथे मात्र स्टेटला इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे शाळा, काउंटी (आपला जिल्हा म्हणा), हॉस्पिटल, फायर सगळं बरंचसं तुमच्या घरावरच चालतं, आणि आकडा हजारांत जातो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. हे सगळं टेक्ससचं आहे, दुसऱ्या स्टेटमध्ये नियम पार वेगळे असतात, तिथे हे लावू नका.

आधी कोण काय करतं ते समजून घ्या

बहुतेक लोक चुकीच्या खिडकीवर जाऊन भांडतात. टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि जवळपास प्रत्येकीचं आपलं एक अप्रेझल डिस्ट्रिक्ट. तुमच्या घराची किंमत हे ठरवतात, आणि सवलतीचे सगळे फॉर्मही यांच्याकडेच. काउंटीचं टॅक्स ऑफिस फक्त बिल काढतं आणि पैसे घेतं (छोट्या काउंट्यांमध्ये कधीकधी वसुलीसुद्धा अप्रेझल डिस्ट्रिक्टच करतं, एकाच खोलीत दोन टेबलं). आणि रेट ठरवतात तिसरेच, म्हणजे शाळेचं बोर्ड, काउंटीचं कमिशनर्स कोर्ट (नाव कोर्ट, पण काउंटी चालवणारं मंडळ), इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट वगैरे, ते साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात मीटिंगा घेऊन. म्हणजे टॅक्स ऑफिसातल्या बाईंवर "किंमत एवढी कशी लावली" म्हणून आवाज चढवून काही उपयोग नाही, त्यांच्या हातात काहीच नसतं, आणि खेड्यात उद्या त्याच बाई तुम्हाला दुकानात भेटणार आहेत.

सगळं १ जानेवारीवर टांगलेलं असतं. त्या दिवशी जागेवर जे उभं आहे त्याची त्या दिवशीची किंमत, हा हिशोब.

होमस्टेड एक्झेम्प्शन: पहिलं काम हे

ज्या घरात तुम्ही स्वतः राहता, नावावर आहे, त्यावर ही सवलत. शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून सरळ १ लाख ४० हजार डॉलर वजा. ही रक्कम २०२१ पर्यंत २५ हजार होती, २०२२ ला ४० हजार झाली, २०२३ च्या नोव्हेंबरात मतदारांनी १ लाख केली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात १ लाख ४० हजार, तीही २०२५ च्याच बिलापासून लागू. जुने लेख वाचून कोणी तुम्हाला १ लाख सांगत असेल तर ते शिळं आहे. याशिवाय काउंटी, सिटी वगैरेंना स्वतःच्या मर्जीने २० टक्क्यांपर्यंत अजून सूट देता येते, काही देतात काही नाही, अप्रेझल डिस्ट्रिक्टला विचारलं की सांगतात.

किती फरक पडतो ते बघा. समजा घराची किंमत ३ लाख २० हजार. शाळेचा रेट शंभर डॉलरमागे ९५ सेंट धरू, काउंटीचा ४५ सेंट, फायर-ॲम्ब्युलन्सवाल्यांचा ८ सेंट (रेट मी हिशोबापुरते घेतलेत, तुमचे तुम्ही बघा). होमस्टेड नसेल तर शाळेचे ३०४०, काउंटीचे १४४०, फायरचे २५६, एकूण ४७३६ डॉलर. होमस्टेड असेल तर शाळेचे १ लाख ८० हजारांवर १७१०, काउंटी २० टक्के सूट देत असेल तर ११५२, फायरचे तेच २५६, एकूण ३११८. एका फॉर्मने वर्षाला १६१८ डॉलर. आणि हा फॉर्म भरायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चहा पण थंड झाला नव्हता.

फॉर्मचा नंबर ५०-११४. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतो, नाहीतर स्टेट कंट्रोलरच्या साइटवर. ३० एप्रिलच्या आत द्या. फी शून्य, हे परत सांगतो, शून्य. घर घेतल्यावर महिन्याभरात तुम्हाला अगदी सरकारी दिसणारं पत्र येईल, वर शिक्क्यासारखं काहीतरी, "होमस्टेड नोंदणीसाठी अमुक डॉलर पाठवा", ते खाजगी दुकान आहे, कचऱ्यात टाका.

आता अडतं कुठे तर लायसन्सवर. फॉर्मबरोबर टेक्ससच्या ड्रायव्हिंग लायसन्सची किंवा आयडीची कॉपी लागते आणि त्यावरचा पत्ता घराच्या पत्त्याशी जुळला पाहिजे. शहरातून आलेल्यांच्या लायसन्सवर अजून अपार्टमेंटचा पत्ता असतो (तो तसाही ३० दिवसांत बदलायचा असतो), आणि खेड्यात दुसरीच गंमत, टपाल येतं पोस्ट ऑफिसच्या बॉक्सवर, लोक सांगतात रस्त्याचं जुनं नाव, आणि खरा धरला जातो तो ९११ चा पत्ता, म्हणजे ॲम्ब्युलन्सला घर सापडावं म्हणून काउंटीने दिलेला नंबर. नवीन बांधलेल्या घराला हा नंबर मागून घ्यावा लागतो. मी लायसन्स बॉक्सच्या पत्त्यावर काढायला निघालो होतो, काउंटरवरच्या मुलीनेच विचारलं की काका राहता कुठे, टपाल कुठे येतं ते नाही विचारलं. तिथे वाचलो. क्रम असा ठेवा: आधी ९११ चा पत्ता, मग लायसन्स, मग फॉर्म.

पूर्वी १ जानेवारीला राहत असाल तरच त्या वर्षी मिळायचं. २०२२ पासून वर्षाच्या मध्ये घर घेतलं तरी, आधीच्या मालकाने त्याच वर्षी त्याच घरावर सवलत घेतलेली नसेल तर, तुम्हाला राहायला आल्यापासूनच्या काळाची मिळते. आणि समजा तुम्ही हे आज वाचताय आणि दोन वर्षं फॉर्मच भरलेला नाहीये, तरी रडू नका, टॅक्स थकीत व्हायच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत उशिराचा अर्ज चालतो आणि भरलेले जास्तीचे पैसे परत येतात. माझ्या एका मित्राला असे एकदम दोन वर्षांचे चेक आले, त्याने बायकोला सांगितलंच नाही आणि ट्रॅक्टरचं बकेट घेतलं. असो.

मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बनवून आणलेलं मॅन्युफॅक्चर्ड घर असेल तरी सवलत आहे, जमीन भाड्याची असली तरी. फक्त त्याचा मालकीचा कागद, स्टेटमेंट ऑफ ओनरशिप, तुमच्या नावावर हवा, तो टेक्ससच्या हाउसिंग खात्याकडून येतो, काउंटीकडून नाही. खेड्यात अशी घरं भरपूर आणि हा कागद आधीच्या मालकाच्या नावावरच राहिलेला, हे पण भरपूर.

आणि आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न, सहा-आठ महिने भारतात जाऊन राहिलो तर होमस्टेड जातं का? नाही. परत येणार आहात, दुसरं कुठलं घर मुख्य घर म्हणून दाखवलेलं नाहीये, आणि दोन वर्षांच्या आत परतलात तर चालतं. पण जुन्या घरावरचं होमस्टेड तसंच ठेवून नव्यावर पण घेणं, हे चालत नाही, दुसऱ्या स्टेटमधलं जुनं घर असलं तरी नाही.

दहा टक्क्यांची कॅप, आणि जाहिरातीतला टॅक्सचा आकडा

होमस्टेडचा दुसरा फायदा लोक विसरतात. बाजारभाव कितीही उडाला तरी टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही (नवीन खोली बांधली, स्विमिंग पूल केला तर त्याची किंमत वेगळी वाढते). म्हणजे ३ लाख २० हजारांचं घर त्यांनी पुढच्या वर्षी ४ लाखांचं लावलं तरी टॅक्स ३ लाख ५२ हजारांवर, आणि त्यातून परत ते १ लाख ४० हजार वजा. फक्त ही कॅप होमस्टेड मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते, पहिल्या वर्षी उघडेच असता.

आणि घर विकलं गेलं की कॅप पुसली जाते. इथेच नवे लोक फसतात, अगदी हुशार लोक, एक्सेल शीट घेऊन फिरणारे. घराच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, वार्षिक टॅक्स १४०० डॉलर. तो टॅक्स घराचा नसतो हो, तो त्या विकणाऱ्या आजोबांचा असतो! ते वीस वर्षं तिथे राहिलेत, कॅपमुळे किंमत खाली दबलेली, वय ६५ च्या वर म्हणून शाळेचा टॅक्स गोठलेला, मागच्या कुरणात गाई म्हणून जमिनीला शेतीचा भाव. तुम्ही सही केलीत की पुढच्या १ जानेवारीपासून हे सगळं गायब आणि बिल तुमचं. म्हणून घर बघताना जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा, अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर तो पत्ता टाका (सगळ्यांच्या मालमत्तेची माहिती तिथे उघडी असते, सातबारा ऑनलाइन बघितल्यासारखं), तिथला बाजारभाव घ्या, आजच्या रेटने गुणा, आणि मग ठरवा झेपतंय का.

नवीन बांधलेल्या घराचं याच्या उलटं पण तितकंच वाईट. १ जानेवारीला नुसता प्लॉट होता म्हणून पहिल्या वर्षी बिल येतं प्लॉटचं, बँकेने एस्क्रोत (टॅक्ससाठी हप्त्याबरोबर बँक पैसे बाजूला काढते ते खातं) त्याच हिशोबाने पैसे कापले, दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं आणि बँक म्हणते एस्क्रो कमी पडला, आता मागचं पण भरा आणि पुढचं पण. महिन्याचा हप्ता शे-दोनशेने नाही, कधीकधी पाचशेने उडतो. ते पैसे पहिल्या वर्षीच बाजूला टाकत जा.

६५ च्या पुढचे, आणि आपले आई-बाबा

मालकाचं वय ६५ झालं किंवा तो डिसेबल्ड असेल तर शाळेच्या टॅक्समध्ये १ लाख ४० हजारांवर अजून ६० हजार वजा, म्हणजे एकूण २ लाख. हे वाढीव ६० हजार पण २०२५ चेच, आधी फक्त १० हजार होते. शिवाय शाळेच्या टॅक्सची रक्कम त्या पातळीवर गोठते, किंमत आणि रेट वाढले तरी त्याच्या वर जात नाही, घराला मोठी भर घातलीत तरच वाढते. टेक्ससमध्येच दुसरं घर घेतलं तर हा फायदा त्याच प्रमाणात बरोबर नेता येतो. नवरा-बायकोपैकी ज्याच्यामुळे टॅक्स गोठला तो गेला आणि मागे राहिलेल्याचं वय ५५ किंवा जास्त असेल तर गोठलेला टॅक्स तसाच राहतो. चार हप्त्यांत भरायची पण सोय आहे. आणि अगदीच ओढाताण असेल तर टॅक्स पुढे ढकलता येतो, पण त्यावर वर्षाला ५ टक्के व्याज चढत राहतं आणि घर विकताना सगळं वसूल होतं, म्हणजे माफी नाहीये ती, कर्ज आहे. कोणी "टॅक्स माफ होतो" म्हणून सांगत असेल तर हे नीट समजून घ्या.

आता आई-बाबा तुमच्याकडे राहतात, त्यांचं वय ७०, म्हणून ही सवलत मिळते का? नाही, ते मालक असले पाहिजेत. नुसतं राहून चालत नाही. आणि एवढ्यासाठी त्यांचं नाव डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) घालायची घाई करू नका, त्यात गिफ्ट टॅक्स, वारसा, तुमचं लोन अशा बऱ्याच गोष्टी अडकतात, आधी वकिलाशी बोला.

मिलिटरीतून शंभर टक्के डिसेबल्ड ठरलेल्या माणसाच्या राहत्या घराला टॅक्सच नसतो. शेजारी असा कोणी असेल आणि तो बिचारा अजून भरत असेल, असे असतात, तर त्याला सांगा.

जमिनीचा शेती भाव

हा खेड्यातला खरा पैसा. सगळे याला "ॲग एक्झेम्प्शन" म्हणतात पण ही सूट नाहीये, मोजायची पद्धतच वेगळी आहे. जमीन बाजारात कितीला जाईल ते न बघता तिच्यातून शेतीचं काय उत्पन्न निघेल त्यावर किंमत लावतात. माझ्या घराखालचा एक एकर सोडून उरलेल्या दहा एकरांची बाजारभावाने किंमत १ लाख २० हजार होती, शेती भावाने हजारभर डॉलर. एवढा फरक.

अट अशी की जमीन मागच्या सातपैकी पाच वर्षं मुख्यतः शेतीसाठी वापरलेली असावी, आणि ती सुद्धा तुमच्या भागात रीतसर शेती म्हणतात तेवढ्या प्रमाणात. एकरामागे किती गाई, किती शेळ्या, गवत किती वेळा कापलं पाहिजे, हे प्रत्येक अप्रेझल डिस्ट्रिक्ट स्वतः लिहून ठेवतं, तो कागद मागून घ्या, शेजारच्या काउंटीचा ऐकीव नियम लावू नका. दोन शेळ्या बांधून फोटो काढला आणि मिळालं, असं होत नाही, ते गाडी घेऊन बघायला येतात. जमीन लहान असेल, ५ ते २० एकर, तर मधमाश्या पाळणं पण शेतीत धरतात, पेट्या किती हे काउंटी सांगते. आधीपासून शेती भाव असेल तर पुढे त्याचं वन्यजीव व्यवस्थापनात रूपांतर करता येतं, म्हणजे गाई नको असतील तर पक्ष्यांसाठी, हरणांसाठी कामं करायची, पण ती खरंच करायची आणि त्याची नोंद ठेवायची.

स्वतः काही करायचं नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे शेजाऱ्याला गवत कापू द्या. आमच्याकडे शेजारी येतो, कापतो, गठ्ठे बांधतो, घेऊन जातो, मी एक पैसा घेत नाही, टॅक्समधून माझे वाचतात त्याच्यापुढे त्या गवताचे पैसे काहीच नाहीत. पण एका पानाचा लेखी करार केलाय आणि दर कापणीचा फोटो काढून ठेवतो, गठ्ठे शेतात पडलेले असताना.

सगळ्यात मोठी चूक आता सांगतो. जमिनीला आधीच शेती भाव होता, आम्ही घेतली, गाई पण त्याच आहेत, मग चालूच राहील ना? नाही राहत! मालक बदलला की नव्या मालकाने नवा अर्ज करायचा, फॉर्म ५०-१२९, तोही १ मेच्या आत. माझ्या ओळखीच्या एकाने क्लोजिंगच्या (खरेदीच्या सह्यांच्या) टेबलावर सगळ्यांना विचारलं होतं, सगळे "हो हो ॲग आहे" म्हणाले, आणि मे महिन्यात नोटीस आली ती पूर्ण बाजारभावाची. नशीब, रिव्ह्यू बोर्डाने (किमतींवरच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) त्या वर्षीची किमतींची नोंदवही मंजूर करेपर्यंत उशिराचा अर्ज घेतात, वाचलेल्या टॅक्सच्या १० टक्के दंड लावून. त्याने भरला, सुटला. जुलैत फोन केला असता तर कदाचित ते वर्ष गेलंच असतं.

शेती भावाची जमीन नुसती विकल्याने दंड नाही, पण वापर बदलला, म्हणजे प्लॉट पाडले, दुकान टाकलं, तर मागच्या तीन वर्षांचा फरक वसूल होतो, त्याला रोलबॅक म्हणतात. पूर्वी त्यावर व्याज पण असायचं, आता नाहीये. घेताना कराराच्या कागदात रोलबॅक कोण भरणार ते लिहून घ्या.

एच-वन व्हिसावर असाल, ग्रीन कार्ड नसेल, तर अजून एक, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. १० एकरांपेक्षा जास्त शेतजमीन घेतलीत तर फेडरल शेती खात्याला ९० दिवसांत कळवावं लागतं, फॉर्म एफएसए-१५३, न कळवल्याचा दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अप्रेझल डिस्ट्रिक्टला पण घेण्याआधीच विचारा की आमच्या स्टेटसवर शेती भाव मिळेल ना.

किंमत जास्त लावली वाटली तर

एप्रिल-मे मध्ये नोटीस येते. तिच्यावर "हे बिल नाही" असं ठळक लिहिलेलं असतं म्हणून लोक बाजूला ठेवतात, आणि नेमकं तेच पत्र महत्त्वाचं. प्रोटेस्टची, म्हणजे किमतीवर हरकत घ्यायची, मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, जे नंतर येईल ते. फॉर्म ५०-१३२, किंवा ऑनलाइन. त्यात "किंमत बाजारभावापेक्षा जास्त" आणि "इतरांच्या तुलनेत असमान" या दोन्ही खुणा करा, नंतर वाढवता येईलच असं नाही. त्यांच्याकडे कोणता पुरावा आहे तोही मागा, सुनावणीच्या १४ दिवस आधी द्यावा लागतो त्यांना.

टेक्ससमध्ये विक्रीची किंमत सरकारला सांगायची सक्ती नाही. खेड्यात तसेही व्यवहार कमी, मग त्यांच्याकडे तुलनेला घरंच नसतात, कुठलं तरी वीस मैलांवरचं तलावाकाठचं घर धरतात. घर घेतल्यावर ते "कितीला घेतलं" म्हणून पत्र पाठवतात, त्याचं उत्तर देणं ऐच्छिक आहे. नोटिशीपेक्षा कमीत घेतलं असेल तर आनंदाने द्या.

सुरुवात मात्र त्यांच्या साइटवरच्या तुमच्या घराच्या कार्डापासून करा. माझ्या कार्डावर राहण्याचं क्षेत्रफळ २३४० चौरस फूट होतं. मी बायकोला टेपचं एक टोक धरायला लावून रविवारी सगळं घर मोजलं, भरलं १९८०. त्यांनी मागची झाकलेली पोर्च आणि एसी नसलेली सामानाची खोली दोन्ही राहत्या जागेत धरलेलं, बहुतेक वरून काढलेल्या फोटोत एकच छप्पर दिसतं म्हणून. वहीच्या पानावर नकाशा काढला, पोर्चचे फोटो, आणि फाउंडेशनला तडा गेलेला त्याच्या दुरुस्तीचं १४ हजारांचं कोटेशन. बोर्डासमोर जायच्या आधी तिथल्या अप्रेझरशी (किंमत लावणाऱ्या माणसाशी) बोलणं होतं, साधं टेबलावर. त्याने नकाशा बघितला, कॉम्प्युटरवर जरा खुडबुड केली, म्हणाला पोर्चचं तुमचं बरोबर आहे, आणि ३ लाख ८६ हजारांचे ३ लाख ४१ हजार झाले. पंधरा मिनिटं. मी भांडायची एवढी तयारी करून गेलो होतो की जरा निराशच झालो.

"मला परवडत नाही", "टॅक्स फार वाढलेत" हे तिथे बोलू नका, ते त्यांच्या अखत्यारीत नाही, त्यांना फक्त किंमत कळते. तिथे जमलं नाही तर रिव्ह्यू बोर्डापुढे सुनावणी, तुमच्यासारखेच काउंटीतले रहिवासी असतात, आणि भीती बाळगू नका, प्रोटेस्ट केला म्हणून बोर्डाला किंमत वाढवता येत नाही. तरीही पटलं नाही तर ६० दिवसांत आर्बिट्रेशन (तटस्थ माणसाकडून निवाडा) मागता येतं, ५ लाखांपर्यंतच्या होमस्टेडला डिपॉझिट ४५० डॉलर, आर्बिट्रेटरचा आकडा तुमच्या आकड्याला जास्त जवळ आला तर ५० सोडून परत.

एक मात्र आधी बघा. तुम्हाला कॅप लागलेली असेल आणि बाजारभाव ४ लाख, कॅपची किंमत ३ लाख ५२ हजार असेल, तर बाजारभाव ३ लाख ८० वर आणून यंदाच्या बिलात एक सेंट कमी होणार नाही. सुट्टी टाकायच्या आधी हा हिशोब करा.

भरणं

३१ जानेवारी शेवटची तारीख. १ फेब्रुवारीला ७ टक्के चढतात, मग दर महिन्याला २, आणि जुलैत दंड-व्याज मिळून १८, वर वकिलाची वसुली फी २० टक्क्यांपर्यंत. "मला बिलच आलं नाही" हे कारण कायद्यात चालत नाही.

बँक एस्क्रोतून भरते म्हणून निश्चिंत असाल तर साइटवर तुमच्या नावाने शोधा, खाती किती आहेत ते. खेड्यात घराचा तुकडा वेगळा आणि मागच्या जमिनीचा वेगळा असं सर्रास असतं, आणि बँक तिच्या कर्जात असलेल्याच तुकड्याचं भरते. माझं तेच झालं, कुरणाचं बिल आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलं, मला एप्रिलमध्ये कळलं. शेती भावामुळे बिल होतं अगदी किरकोळ, त्यामुळे दंडही किरकोळ. पूर्ण भावाचं असतं तर मला रात्रभर झोप लागली नसती. त्याच दिवशी पत्ता बदलायचा फॉर्म दिला, दोन्ही खात्यांसाठी वेगवेगळा, कारण एकावर बदलला की दुसऱ्यावर आपोआप बदलत नाही. आणि सवलत मंजूर झाली की बँकेला फोन करून एस्क्रोचा हिशोब परत करायला सांगा, नाहीतर ते वर्षभर जुन्याच आकड्याने कापत राहतात.

होमस्टेड एकदा मिळालं की दर वर्षी अर्ज लागत नाही, पण २०२३ च्या कायद्यापासून अप्रेझल डिस्ट्रिक्टला प्रत्येक होमस्टेड पाच वर्षांत एकदा तरी तपासावंच लागतं, तेव्हा तुम्ही अजून तिथेच राहता का म्हणून पत्र येऊ शकतं. आमचं आलं तेव्हा साधं पांढरं पाकीट होतं, पिझ्झाच्या कूपनांमध्ये दडलेलं, आणि मी ते कूपनांसकट टाकणार होतो. पैसे मागणारं पत्र बघा कसं जाड कागदावर, शिक्का मारून येतं, आणि जे खरं ते असं. उत्तर नाही दिलं तर सवलत काढून टाकतात, तर ते पाकीट उघडून बघा आणि त्याच आठवड्यात परत पाठवा.